चाळणीबाईंचा शब्द

"मावशी, कार्ड दे."

"ऑफिसात मावशी म्हणायचं नाही. किती वेळा सांगितलंय?"

"बरं. बाई, कार्ड द्या."

"कुठलं कार्ड?"

"कुठलं कार्ड म्हणे! माझं. काल सरांनी स्वतः तुझ्या ट्रेमध्ये ठेवलेलं. सकाळी होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर नाही."

"मग सरांना विचार. पंख्याला विचार. मी काय तुझ्या कार्डाची राखण करत बसलेय?"

"पडताळणीचा ट्रे तुझा आहे."

"ट्रे माझा आहे, आणि त्यात दिवसाला साठ कार्डं येतात. एखादं इकडचं तिकडे झालं म्हणून आभाळ कोसळत नाही."

"चार वाजता छापखान्याचा माणूस येणारे. आत्ता सव्वातीन झालेत."

"मग तोंड वाजवत उभी का? तीन लाख कार्डं आहेत या खोलीत. कर सुरुवात पहिल्या खणापासून."

भाची जागची हलली नाही. टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून, एक भुवई वर करून ती नुसती उभी राहिली. हुबेहूब आपल्या आईसारखी. बाईंनी मान खाली घातली आणि पुढ्यातल्या कार्डावरचा एक स्वल्पविराम उगाचच लाल शाईने गिरवला.

ही बाई म्हणजे कोशाच्या कचेरीतली पडताळणीबाई. तिची कचेरीत एकतीस वर्षं झाली होती. एका दुमजली इमारतीत खाली बाइंडिंगवाला ठोकाठोक करायचा आणि वर इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत लावायचं काम चालायचं. वरच्या मोठ्या खोलीत चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीखाली आकडा. छताला पंखा होता, पण तो कोणी लावायचं नाही, कारण कार्डं उडतात. पाहुणे घाम पुसत वर पंख्याकडे बघायचे आणि बाई म्हणायच्या, "तो बघायला आहे."

बाईंच्या हातून न गाळता काही पुढे जात नसे. म्हणून मागे कधीतरी कोणीतरी त्यांचं नाव चाळणीबाई ठेवलं. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसणाऱ्या माणसाला नाव पडणं म्हणजे खुर्चीला नवीन बैठक बसवल्यासारखं असतं.

या कोशाची एक पद्धत होती. प्रत्येक शब्दाला दोन उदाहरणं. एक छापील इंग्रजी पुस्तकातलं आणि दुसरं आपल्या जगण्यातलं, म्हणजे आपल्या भाषेतला असा एखादा खरा प्रसंग, जिथे तो शब्द चपखल बसेल. मनची वाक्यं चालायची नाहीत. कार्डाच्या पाठीमागे पुरावा लिहायचा: कुठे पाहिलं, कधी पाहिलं, कोणी पाहिलं. त्याखाली पडताळणाऱ्याची सही. ती सही म्हणजे शपथच. हे खरं आहे, मी तपासलंय.

आणि दुसरी पद्धत खुद्द बाईंनी घातलेली. फार पूर्वी एकदा एक कार्ड चुकीच्या खणात गेलं आणि चार वर्षं सापडलं नाही. तो शब्द कोशातून गळलाच. तेव्हा नवख्या असलेल्या बाईंनी नियम केला: कार्ड जागेवरून हललं की त्या जागी गुलाबी चिठ्ठी. कुठलं कार्ड, कोणी काढलं, कुठे ठेवलं, किती वाजता, खाली सही. तेव्हापासून एकही कार्ड हरवलं नाही. बाईंच्या हाताला ती चिठ्ठी इतकी लागली की घरीसुद्धा सुटेना. भाची राहायला आली त्या आठवड्यात तिला स्वयंपाकघरात गुलाबी चिठ्ठी सापडली होती: 'कात्री. मी. खिडकीपाशी. सात वाजून दहा.' ती वाचून पोरगी जमिनीवर बसून हसली होती.

"मावशी, घरात आपण दोघीच आहोत! कात्री मी नाही नेली तर तूच नेलीस ना?"

"उद्या मला आठवलं नाही तर?"

"मग मला विचार."

"तुला विचारण्यापेक्षा चिठ्ठी बरी. चिठ्ठी हसत नाही."

ही भाची म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आणि धाकटी म्हणजे बाईंच्या गळ्यात जन्मापासून अडकलेला घास. तसं धाकटीने कधी वाईट केलं नाही. तिने काही न करताच सगळं व्हायचं, हेच तर दुखणं. शाळेच्या नाटकात धाकटी राणी झाली होती आणि बाई विंगेत पुस्तक धरून उभ्या. अख्खं नाटक बाईंना पाठ. धाकटी तिसऱ्या प्रवेशात वाक्य विसरली. बाईंनी विंगेतून ते सांगितलं, दोनदा सांगितलं, पण बया ऐकतेय कुठली! तिने मनानेच काहीतरी ठोकून दिलं आणि सगळा हॉल हसून आडवा झाला. नंतर बाईच सगळ्यांना म्हणाल्या, "बरं सुचलं हो हिला." त्या रात्री त्या दाताखाली उशीचा कोपरा धरून झोपल्या होत्या, पण ते कोणालाही दिसलं नाही. विंगेत उभं राहिलेलं माणूस कुठे कोणाला दिसतं?

आठ महिन्यांपूर्वी धाकटीचा फोन आला. "ताई, हिला तुझ्याकडे पाठवते. नुसती बडबड करते. तुझ्यासारखी जरा शिस्त लाव." बाईंनी मागची खोली रिकामी केली, कोशाचे संपादक असलेल्या सरांकडे शब्द टाकला आणि स्वतःच्या हाताने पोरीला आणून कार्डांच्या खोलीत बसवलं. पहिले दोन महिने त्या तिची कार्डं लाल करून परत करायच्या. तिसऱ्या महिन्यात लाल कमी झालं. चौथ्या महिन्यात सरांनी बाईंच्या टेबलावरचं तिचं एक कार्ड उचललं, उभ्याउभ्या वाचलं आणि मोठ्याने हसले. एकतीस वर्षांत बाईंचं कार्ड वाचून सर हसले नव्हते. हसण्यासारखं त्यात काही नसायचंच म्हणा. पण त्या दिवशी ते बाईंना प्रथमच जाणवलं.

आता जे सांगायचं ते शब्दाबद्दल. कोशात कोणाचं नाव येत नसे. फक्त प्रत्येक खंडात प्रत्येकाने एक शब्द 'आपला' म्हणायचा आणि त्याच्या खाली बारीक टायपात आपल्या नावाची दोन अक्षरं छापून घ्यायची. आधीच्या चार खंडांत चांगले चांगले शब्द वरचढ मंडळींनी नेले. बाईंच्या वाट्याला आले बकेट, गॅस्केट, लिनोलियम आणि रबर स्टॅम्प. "काय हरकत आहे," त्या म्हणायच्या, "बादलीलाही अर्थ लागतोच." पण पाचवा खंड एस अक्षराचा होता, आणि बाई सात महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. एसमध्ये त्यांनी एक शब्द अकरा वर्षांपासून धरून ठेवला होता. सिनिस्टर.

तो त्यांना कुठे भेटला कोण जाणे. पण भेटला तो मानेवर बसला. एका गोल डब्यात त्यांनी त्याची बासष्ट टाचणं जमवली होती. कथांतली, बातम्यांतली, कोर्टाच्या निकालांतली. सिनिस्टर हसणं, सिनिस्टर शांतता, सिनिस्टर बेत, रिकाम्या घराच्या उघड्या खिडकीचा सिनिस्टर काळोख. वादळाला हा शब्द सहसा लावत नाहीत, वाघालाही नाही. वाघ दिसला की पळावं, त्यात संशयाला जागा नाही. या शब्दात आधी काहीतरी साधं, नेहमीचं दिसतं आणि मग मागून थंडगार काहीतरी सरकतं.

बाईंना वाटलं होतं, सर विचारणारसुद्धा नाहीत. पण सर म्हणाले, "बाई, हा शब्द अवघड आहे. तुम्ही दोघी लिहा. जे कार्ड चांगलं, ते जाईल. ज्याचं कार्ड, त्याची अक्षरं."

"दोघी म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही आणि तुमची भाची."

'तुमची भाची' असं सर जणू शाबासकीच देत बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच वादाला तोंड फुटलं. भाची ओट्याला टेकून ब्रशने दात घासत होती, आणि दात घासता घासता बोलायची तिला खोड.

"मावशी, तुझा अर्थ वाचला. 'दुष्ट हेतू असलेला, कुटिल.' चूक नाहीये. पण अर्धा आहे."

"आधी चूळ भर."

"हेतू कुठून आला? समज, रस्त्यावर कुत्रा आहे. तो भुंकला, अंगावर आला, तर तो धोकादायक. सोपं. पण तो भुंकतच नाही. शेपूटही हलवत नाही. नुसता तुझ्या बरोबरीने चालत राहतो. तू थांबलीस की थांबतो. तो कुत्रा सिनिस्टर."

"कुत्र्याच्या मनात काय आहे ते कुत्र्याला विचारलंस?"

"तेच तर! त्याच्या मनात काही नसेलही. भूक असेल. पण तुला जे वाटलं ना, शब्द त्याचा आहे."

"म्हणजे बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला की समोरचा दुष्ट? उद्या मी तुझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तू घाबरलीस, तर दोष माझा?"

"दोष कोणाचा ते कोश नाही सांगत, मावशी. कोश दिसतं ते सांगतो."

"कोश काय सांगतो ते मला शिकवू नकोस. तू लंगोटात होतीस तेव्हापासून मी कोशात आहे. हेतू नसेल तर शब्द लटका. मनात विष नाही तर नुसत्या चेहऱ्याला कोण विचारतं?"

भाचीने चूळ भरली, तोंड पुसलं आणि हसून म्हणाली, "बघू." तो नुसता 'बघू' बाईंच्या कानात दिवसभर डासासारखा फिरला.

त्याच आठवड्यात एके दिवशी पोरगी डबा घरी विसरून गेली. बाईंनी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून रजा घेतली होती. तिथून परतताना त्यांनी घरी वळून डबा उचलला आणि कचेरीचा जिना चढल्या. कार्डांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत सर, दोघं टंकलेखक आणि भाची. सर तिचं कुठलंतरी कार्ड मोठ्याने वाचत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, "असं वाक्य या खोलीत पहिल्यांदा आलं."

या खोलीत. पहिल्यांदा.

बाई दारात उभ्या राहिल्या. आणि काय उमदेपणाने वागल्या म्हणून सांगावं! तमाशा नाही, टोमणा नाही. छान हसल्या. म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या. मी काय, नुसती डबा द्यायला आले." सगळे गप्प झाले. सर खुर्ची सरकवून उठले. टंकलेखकांना अचानक काम आठवलं. भाचीने डबा घेतला आणि "थँक्यू" म्हणाली, पण तिच्या हाताला तो घेताना घाई झाली. बाईंना वाटलं, आपल्या मोठेपणाने माणसं शरमली. परतताना जिन्यावर त्यांनी स्वतःला मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली.

सोमवारी सरांनी त्यांना आत बोलावलं. "बाई, तुमचा अर्थ बिनचूक आहे. पुरावेही भरपूर. पण वाचून अंगावर काटा येत नाही हो. तिचं वाचून येतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पडताळणी मात्र तुम्हीच करायची. नियम नियम आहे." कार्ड त्यांनी काल स्वतः बाईंच्या ट्रेमध्ये ठेवलं. उलटं. इतकी वर्षं सर ट्रेमध्ये कार्ड सुलटंच ठेवत आले होते, पण त्या वेळी बाईंना ते लक्षात आलं नाही. त्यांनी ते वाचलंच नाही. वाचवेना. कोपऱ्यात पोरीची दोन अक्षरं दिसली तेवढी पुरली.

आणि आज जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर बाईंनी ते कार्ड दोन बोटांनी कडेला धरून उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. शिडी ओढली. क्यू अक्षराच्या खणांकडे वर्षात चारदासुद्धा कोणी जात नाही. खण क्रमांक एकशे अठ्ठ्याण्णव. मधोमध दोन कार्डांत ते सरकवलं, खण लावला, हात धुतले, आणि दोन घास जास्तच जेवल्या. एस अक्षरातला एक शब्द गळला तर गळू दे. माझा नाही तर कोणाचाच नाही. हे वाक्य मनात आलं तेव्हा त्या स्वतःच क्षणभर दचकल्या, पण घास गिळला गेला होता.

असं सगळं होऊन आता सव्वातीन, नव्हे तीन वीस झाले होते, आणि टेबलापलीकडे भाची भुवई वर करून उभी होती.

"शेवटचं विचारते, मावशी. तू नाही पाहिलंस?"

"नाही पाहिलं. लिहून देऊ?"

"नको," भाची म्हणाली. "दिलंयस."

तिने घडी सोडली आणि मुठीतली गुलाबी चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा सरळ केला. अक्षर सुंदर होतं, ठाशीव, प्रत्येक काना ओळंब्यात. 'सिनिस्टर. मी. खण १९८. एक वाजून पाच.' खाली सही.

बाईंना आधी वाटलं, कोणीतरी अक्षराची नक्कल केली. मग दिसलं की पाचच्या आकड्याला त्यांचीच ती शेपटी आहे. आपण ही कधी लिहिली? कधी ठेवली ट्रेमध्ये? आठवेना. कारण ती बाईंनी लिहिलीच नव्हती, हाताने लिहिली होती. चोर घराबाहेर पडताना दार लावून घेतो म्हणतात, तसा त्यांचा हात नियम पाळून आला होता.

"तीन वाजता सापडली," भाची म्हणाली. "तुझ्याच ट्रेच्या तळाशी. पाच मिनिटांत कार्डही सापडलं. पडताळणीसाठी नेलं होतंस ना?"

"हो," बाई पटकन म्हणाल्या. "पडताळणीसाठी."

"क्यूच्या खणात?"

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

"मी पंधरा मिनिटं वाट पाहिली. म्हटलं, तू आपणहून सांगशील. सांगितलं असतंस ना, तर मी हसले असते आणि विषय संपला असता. पण तू मला पंख्याला विचारायला लावलंस."

"सांग जा सरांना. सांग! माझी सात महिने नोकरी उरलीय, तेवढीही खा."

"कोणाला सांगत नाहीये. तू पडताळणी कर." भाचीने दप्तरातून कार्ड काढलं आणि चिठ्ठीशेजारी ठेवलं. "वाचलंस का तरी?"

"नाही."

"वाच."

बाईंनी कार्ड ओढलं. समोर अर्थ होता: 'साधे दिसत असूनही काही अनिष्ट जवळ आले आहे असे वाटायला लावणारा, हेतू असो वा नसो.' त्याखाली इंग्रजी उदाहरण, पुस्तक, पान. ठीक. त्याखाली आपल्या जगण्यातलं: 'ती डबा घेऊन दारात उभी राहिली आणि छान हसली, तशी खोलीतली सगळी माणसं बोलायची थांबली.'

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग कार्ड उलटं केलं. 'पाहिले. कार्डांची खोली. सकाळी अकरा.' तारीख. पाहणारी: भाचीची दोन अक्षरं. त्याखाली 'पडताळले' आणि एक मोकळी रेघ.

बाइंडिंगवाल्याची ठोकाठोक खालून ऐकू येत होती. बाईंच्या कानशिलांत ती शिरली.

"ही... ही मी?"

"नाव कुठे लिहिलंय?"

"शब्दांचा खेळ नको. ही मी आहे. तुला दिलेल्या डब्याचे हे पांग फेडलेस? मी तुझ्यासाठी तो उन्हात आणला, दाढ ठणकत असताना!"

"माहितेय."

"हसलेसुद्धा मी!"

"तेच तर, मावशी. तू ओरडली असतीस तर मी रागाचं कार्ड लिहिलं असतं. डबा आणला नसतास तर काहीच लिहिलं नसतं. चार दिवस माझं उदाहरण अडलं होतं. कुत्रा जमत नव्हता, रिकामं घर जमत नव्हतं. आणि तू दारात हसलीस." भाचीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझे हात गार पडले. खोटं नाही सांगत. डबा गरम होता आणि हात गार."

"तुला तसं वाटलं. तुला! माझ्या मनात तसं काही असेलच कशावरून?"

"मग माझा अर्थ बरोबर. हेतू असो वा नसो."

बाईंनी पुराव्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि असेल," भाची हळूच म्हणाली, "तर तुझा बरोबर. हेतू होता म्हणूनच आम्हाला तसं दिसलं. मग नुसत्या चेहऱ्याचा माझा अर्थ लटका." तिने खुर्ची ओढली आणि बसली. आता दोघींची डोकी एका पातळीवर आली. "ऐक. तू खरं सांग. त्या वेळी दारात तुझ्या मनात काय होतं? काही होतं म्हणालीस, तर मी हे कार्ड आत्ता फाडते. सरांना सांगते, मावशीचं कार्ड पाठवा, माझा अर्थ चुकला. शब्द तुझा. तुझी अक्षरं. अकरा वर्षांचा तुझा टाचणांचा डबा सार्थकी लागेल. काही नव्हतं म्हणालीस, तर सही कर. दोन्ही चालेल मला. पण खरं सांग."

घड्याळात चारला अठरा मिनिटं होती.

काय होतं मनात? बाईंना ते लख्ख आठवत होतं. दारात उभ्या असताना, अगदी हसताना, जिभेच्या मागे एक वाक्य उभं होतं: पडू दे ही एकदा तोंडावर. सगळ्यांसमोर पडू दे. आणि ते वाक्य भाचीसाठी नव्हतंच, किंवा एकटीसाठी नव्हतं. विंगेतून दिसणाऱ्या त्या दुसऱ्या पाठमोऱ्या मुलीसाठीही होतं. ते आज दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी शिडी चढून क्यूच्या खणापर्यंतसुद्धा गेलं होतं.

एवढंच म्हणायचं होतं. 'होतं.' एक शब्द. मग सिनिस्टरखाली बारीक टायपात त्यांची अक्षरं, कायमची. बादली, गॅस्केट, लिनोलियम, रबर स्टॅम्प आणि शेवटी हा. पुढे कोणीतरी पोरगं तो शब्द शोधेल आणि खाली दोन अक्षरं पाहील. पण समोर बसलेल्या या पोरीला मग ते कायमचं माहीत असेल. आज संध्याकाळी ती घरी येईल, मागच्या खोलीत झोपेल, उद्या सकाळी ओट्याला टेकून दात घासेल, आणि तिच्या डोळ्यांत ते असेल. ती आईला फोन करेल. नाही करणार. न केलेला फोन आणखी वाईट.

"मावशी?"

बाईंनी लाल पेन उचललं. कार्ड उलटंच होतं. त्यांनी पुराव्याच्या ओळीवर पेनचं टोक ठेवलं आणि 'अकरा'वर एक सरळ रेघ मारली.

"काय करतेस?"

बाईंनी वर लिहिलं: 'पावणेबारा.' दाताच्या डॉक्टरनेच अकराला सोडलं होतं. वेळ चुकलेली कशी चालेल? मग खालच्या मोकळ्या रेघेवर सही केली, एकतीस वर्षं केली तशीच, शेवटच्या अक्षराला छोटी गाठ मारून. शाईवर फुंकर घातली. कार्ड सुलटं केलं आणि भाचीकडे सरकवलं.

भाचीने कार्डाला हात लावला नाही. "म्हणजे नव्हतं काही?"

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली. खणाखालच्या फडताळातून तो गोल डबा काढला आणि काखेत धरला. कचेरीची टाचणं कचेरीबाहेर न्यायची तर चिठ्ठी ठेवावी लागते. गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर समोरच होता. त्यांचा हात सवयीने त्याच्याकडे गेला, गठ्ठ्यावर थांबला, आणि मागे आला.

"मावशी, सही केलीस, पण सांगितलं नाहीस. काय होतं तेव्हा मनात?"

जिन्यावरून छापखान्याच्या माणसाच्या चपला वर येताना वाजू लागल्या. बाईंनी दाराशी त्याला वाट दिली, डबा दुसऱ्या काखेत घेतला, आणि मागे न बघता पायऱ्या उतरायला लागल्या.